भाव कशापायी पडला

चैत्र अर्धा सरला की यवतमाळात घणाचे आवाज सुरू होतात. पावसाआधी जुनं पाडून नव्याचा पाया भरून घ्यायचा असतो, त्यामुळे सगळ्यांना याच दिवसांत घाई. ऊन डोक्यावर यायच्या आत पहिला घाव पडतो. मी आता दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहतो. सकाळी खाटेवर पडल्या पडल्या मला आवाजावरून कळतं, की घाव पक्क्या विटेवर पडतोय की मातीच्या भिंतीवर, आणि मारणारा नवा आहे की मुरलेला. नवा माणूस सगळ्या भिंतीशी भांडतो आणि दुपारपर्यंत थकतो. मुरलेला भिंतीवरून हात फिरवतो, तिचा सांधा शोधतो आणि तिथेच मारतो. मग भिंत थोडा वेळ विचार केल्यासारखी उभी राहते आणि गुडघ्यात बसते. धुराळा उठतो. त्या धुराळ्याला चुन्याचा, शेणाचा, उंदरांचा आणि त्या घरात शिजलेल्या सगळ्या भाज्यांचा मिळून एक वास असतो. तो नाकात गेला की आजही माझ्या मुठी आवळायला बघतात.

याच वासात मी वाढलो. बोरी अरब गावात माझा बाप दुसऱ्याच्या वावरात वर्षाच्या बोलीवर राबायचा. मिसरूड फुटायच्या आत मी यवतमाळला आलो, दुसऱ्यांची घरं पाडायला. पाडता पाडता लाकूड ओळखायला शिकलो. मग पाडणारे कामावर ठेवायला शिकलो. पडक्या घराचं सागवान, म्हणजे दारं, चौकटी, तुळया, उचलायचं आणि नवं घर बांधणाऱ्याला विकायचं, हा माझा धंदा. त्यात हातोड्यापेक्षा जीभ जास्त चालते. मालकाच्या घरात शिरायचं आणि नावं ठेवत सुटायचं. याला वाळवी लागली, हे फुगलं, हे दार नाही, पापड आहे. मालक चिडतो. चिडू द्यायचं. चिडलेल्या माणसाच्या हातून भाव सुटतो. दिग्रसच्या एका म्हाताऱ्यानं, त्याच्या आजोबाच्या दाराला मी सरपण म्हणालो म्हणून, माझ्या पाठीत काठी घातली होती. मी पाठ चोळत चोळत भाव आणखी उतरवला.

पण नावं मालाला ठेवायची. कोणत्या घरात कोण मेलं, कुणाची सून विहिरीत गेली, हे मला गल्लीच्या तोंडावरच कळायचं. ते मी सौद्यात कधी आणलं नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. भाव लाकडाचा करायचा असतो, एवढीच गोष्ट.

माझं स्वतःचं घर मी अशाच निवडक लाकडाचं बांधलं. गावाच्या कडेला तेव्हा नुसती काळी माती आणि बाभळी होत्या. प्लॉट घेतला तो मोठा घेतला, आणि अर्धा धाकट्या भावाला, बबनला दिला. त्याच्या घराची एक भिंत आणि माझ्या घराची एक भिंत एकच ठेवली. तेवढ्या विटा वाचल्या. विटा वाचवण्याच्या नादात मी आयुष्यात जो एक सौदा खराब केला, तो हा.

कमल त्याच घराच्या स्वयंपाकघरात वारली. माझी बायको. चैत्रच होता. कढईत फोडणी टाकली, खाली बसली आणि भिंतीला टेकली. मी बाहेरून ओरडत आत आलो, की काहीतरी जळतंय, लक्ष कुठं आहे तुझं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तिला कळलंही नसेल. जळक्या मोहरीचा तो वास भिंतींना कितीतरी दिवस चिकटून होता. वर्षभर मी त्या घरात एकटा राहिलो. रोज संध्याकाळी कुणावर ओरडायचं ते सुचत नसे. मग पुढच्या चैत्रात ठरवलं, घर विकायचं.

विकायचं घर म्हणजे लग्नाला उभी केलेली पोरगी, असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. माझं घर त्या उन्हाळ्यात मार खात होतं. माझी मुलगी मंदा पुसदहून आवरायला आली होती. मी पकडीनं भिंतीतले खिळे उपटत होतो. कमलनं भिंत म्हणून सोडली नव्हती. झारा लटकवायला खिळा, कॅलेंडरला खिळा, चाळणीला खिळा, कशालाच नाही असेही खिळे. एकेक खिळा मुठीएवढा गिलावा घेऊन बाहेर यायचा. मंदा म्हणाली, "बाबा, हळू. दात काढून राह्यले का तिचे?" मी पकड फेकली. ती फडताळाच्या काचेवर लागली. मंदा झाडू घेऊन आली. मायलेकींची ही एक खोड सारखी. मी फोडायचं, त्यांनी झाडायचं.

मग रंगारी आला. सगळं पांढरं केलं. भेगा बुजवल्या, ओलीवर पुट्टीचे हात मारले, वाकड्या चौकटीला रंगाच्या दोन पट्ट्या जाड मारून सरळ केलं. या कामात मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उभ्या जन्मात मी दुसऱ्यांच्या भिंतींवरची असली लपवाछपवी नखानं खरवडून काढली होती. घर पांढरंशुभ्र झालं आणि त्याच्याकडे बघून माझं डोकं फिरलं. ताप उतरलेल्या माणसासारखं दिसत होतं.

यवतमाळचं गिऱ्हाईक घर बघायला उन्हाळ्यात येतं, भर दुपारी. त्यात हुशारी आहे. वैशाखात नळाला किती पाणी येतं, बोअर किती ओढते, पश्चिमेची भिंत किती तापते, हे तेव्हाच कळतं. शुभ्र रुमाल डोक्याला गुंडाळून गाडीवरून उतरतात, आल्या आल्या तोटी सोडतात, भिंतीला तळहात लावतात. एवढं सगळं मला मंजूर होतं. मीही हेच केलं असतं. पण निघताना चप्पल घालता घालता, सहज विचारल्यासारखं, प्रत्येकजण एकच विचारी.

"भाऊ, घर लाभलं ना तुम्हाले?"

आपल्याकडे घर नुसतं चांगलं असून भागत नाही. ते लाभावं लागतं. आलेल्या माणसाची भरभराट झाली, पोरं मार्गी लागली, तर घर लाभलं. मेलं कुणी, बुडालं कुणी, तर घराला दोष. मी पहिल्या दोघाचौघांना सांगितलं, की या घरात आलो तेव्हा सायकल होती, आता अंगणात ट्रक उभा आहे. पोरगी शिकली. अजून कसं लाभायचं? ते मान हलवत. आणि मग जो भाव बोलत, तो प्लॉटच्या नुसत्या मातीपेक्षा थोडा वर असे.

एक इंजिनिअर नवराबायको आले. सोबत वास्तूचा जाणकार म्हणून एक माणूस, कपाळाला गंध, हातात होकायंत्र. त्यानं घरात इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला. होकायंत्र ओट्यावर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "इथं दोष आहे. हा कोपरा घरधनिणीले खाते. खाल्लीच आहे. पाडावं लागेल." मग डोळे उघडून माझ्याकडे बघून दयेनं म्हणाला, "तुमचा काही इलाज नव्हता, भाऊ."

ती दया मला सहन झाली नाही. मी त्याची मानगूट धरली आणि दारापर्यंत नेला. दाराशी तो चौकटीला धरून बसला, तर मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. होकायंत्र मागून फेकलं, ते नालीत पडलं. इंजिनिअरची बायको किंचाळत होती. मी तिला म्हणालो, "बाई, तुमच्यावर माझा राग नाही, पण याले उचला, नाहीतर याची दिशा मी दाखवतो." गल्लीतली दारं उघडली. उन्हात लोक डोळ्यांवर हात धरून बघत होते. तो माणूस नालीत हात घालून होकायंत्र शोधत होता, आणि शिव्या देतानाही त्याला माझ्या नजरेला नजर देता येत नव्हती.

राग उतरला तेव्हा डोकं चालायला लागलं. पाऊल ठेवल्या ठेवल्या याला स्वयंपाकघर कसं ठाऊक? डोळे मिटून एवढं कुणाला दिसत नाही. कुणीतरी कानात घातलं असेल तरच दिसतं.

ते मला एका कापडदुकानदाराकडून कळलं. त्याला घर आवडलं होतं. भाव पाडून मागितला, तेव्हा मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, की दोष काय आहे तो सांगा. तो बिचारा मऊ माणूस. म्हणाला, "दोष कायचा, शेठ. पण बाजूचे तुमचे भाऊ म्हणत होते, वहिनी अचानक गेली, घर काही लाभलं नाई, म्हणून दादा काढून राह्यले. आता घरचाच माणूस म्हणते तं..."

बबन दुपारी कूलरसमोर पडलेला असायचा. मी गेलो तेव्हा कूलरच्या वाळ्याचा गार वास येत होता, हे मला अजून आठवतं. तो उठून बसला. "ये ना दादा." मी विचारलं, तू लोकांना काय सांगतोस? तो लपवायला गेला नाही. तेच मला जास्त लागलं.

"खोटं बोललो का मी? वहिनी गेली का नाई? लोकं इचारतात, मी सांगतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् तुले परक्याले कायले द्यायचं? मले देऊन टाक. मधली भिंत काढतो, पोट्ट्याच्या लग्नाले जागा होते. भाव लोकं देऊन राह्यले तोच घे. घरातल्या घरात राहीन."

म्हणजे गिऱ्हाईक तोच पळवत होता आणि पडलेल्या भावात घ्यायलाही तोच बसला होता. डाव वाईट नव्हता. दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. पण त्यानं सौद्यात जी खोट काढली ती लाकडातली नव्हती. कमलनं त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं त्या स्वयंपाकघरातून काढली होती. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, सगळं त्याच ओट्यावरून भिंतीपलीकडे जायचं. आणि आता ती मेली, ही माझ्या घराची खोट होती.

मी त्याला भिंतीवर आपटला. तीच ती दोघांची भिंत. तो माझ्यापेक्षा तरणा, त्यानं माझं बोट धरलं आणि मागे मोडलं. मी त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. दात पडल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. सुपारी फुटल्यासारखा असतो. आम्ही कूलरवर पडलो, कूलर आमच्यावर पडला. बबनची बायको रेखा बाहेरून बादली घेऊन आली आणि भांडणाऱ्या कुत्र्यांवर टाकतात तसं पाणी तिनं आम्हा दोघांवर ओतलं. "मरा लेकहो," ती रडत म्हणाली, "मंग याही घराले कोनी घेनार नाई."

त्या हाताची अजून पूर्ण मूठ वळत नाही. भावाच्या दातांचं मला वाईट वाटलेलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. हे लिहिताना वाटेल म्हणून थांबून पाहिलं. नाही वाटत.

मंदानं माझं बोट बांधता बांधता समजावलं. "बाबा, कमी घ्या न मोकळे व्हा. चार पैसे कमी झाले तं काय होते? आई काही ऐकून नाई राह्यली."

"मी ऐकून राह्यलो ना," मी म्हणालो.

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. मला पैशाचं नव्हतं, हे मी बोललो असतो तर तिनं विश्वास ठेवला नसता. मी हयातभर पैशासाठीच भांडलो. बायकोशीसुद्धा भाजीच्या भावावरून भांडलो. पण वजा करायची असते ती खराबी. फुटकी फळी वजा होते. गाठ वजा होते. कमल कशी वजा करायची? ज्या दिवशी मी तिच्या मरणापायी एक रुपया सोडला, त्या दिवशी मी मान्य केलं, की ती त्या घरातली वाळवी होती. घर विकलं नाही तर मोडकळीला येऊ दे. तिच्या नावावर भाव पडणार नाही. असं मी मंदाला सांगितलं, आणि जोर यावा म्हणून मोडक्या बोटाचा हात टेबलावर आपटला. मला दुखत होतं आणि तिला हसू येत होतं.

वैशाखाच्या त्या झळांमध्ये एक विचित्र शांतता असते. दुपारी रस्त्यावर कुणी नसतं, टिनाची छपरं तडतडतात, लांब कुठेतरी घण पडत असतो. रिकाम्या घरात मी खाटेवर पडून राहायचो आणि पांढऱ्या भिंतींचा राग यायचा. रंगाखालचं सगळं मला ठाऊक होतं. कुठं कमलचा तेलकट हात टेकायचा, कुठं मंदाची उंची पेन्सिलनं मारली होती, कुठं मी रागानं तांब्या फेकला होता आणि खळगा पडला होता. ते सगळं मीच बुजवून टाकलं होतं, परक्यांना आवडावं म्हणून. आणि परक्यांना तिचं मरण तेवढं दिसत होतं.

ज्येष्ठ लागता लागता इंदूताई राठोड आली. कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवायची. घरमालक जागा खाली करायला सांगत होता. नवरा एसटीत ड्रायव्हर, बोलण्याचं काम त्यानं बायकोकडे दिलेलं. ती तोटीकडे गेली नाही, भिंतीला हात लावला नाही. स्वयंपाकघरात गेली, पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून ओटा मोजला.

"बाई इथंच गेल्या का?"

"हो."

"कुठं?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी जागा दाखवली. ती तिथेच मांडी घालून बसली, भिंतीला टेकली आणि वर पाहिलं. "इथून शेगडी नजरेत राहते," ती म्हणाली. "खिडकीचा वाराही लागते. चांगली जागा हाये बसाले." नवऱ्याशी त्यांच्या गोर बंजारा बोलीत काहीतरी बोलली. तो मान हलवून हसला. मग उठून पदर झटकत तिनं भाव सांगितला. तो बबनच्या भावापेक्षा फार वर नव्हता.

"काहून?" मी विचारलं. "तुले तं भेव नाई."

"मले नाई भेव. बाजार भेते, भाऊ. उद्या मले इकायची पाळी आली तं मलेही लोकं हेच इचारतील. बाजाराचं भेव माझ्या डोस्क्यावर कायले ठेवू?"

हातात पाण्याचा गडू होता, तो मी फेकला. तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. पाणी तिच्या पदरावर उडालं. नवरा पुढे झाला, तिनं त्याला हातानं मागे केलं.

"मारता का? मारा. भाव तोच राहीन."

"तिच्या नावानं एक पैसा कमी होनार नाई!" मी ओरडलो. आवाज भिंतीपलीकडे गेलाच असणार.

तिनं मला खालीवर पाहिलं. बाजारात वांगी बघावीत तसं. मग सावकाश म्हणाली, "बरं. तं नका करू त्यायच्या नावानं. माझ्यापाशी हायेत तेवढेच हायेत. कशाच्या नावानं कमी करता, ते तुम्ही सांगा."

मी अंगणात गेलो आणि ट्रकमधून सब्बल, लोखंडी पहार, काढून आणली. मोडक्या बोटानं धरता येईना म्हणून काखेत दाबली. पहिला घाव मी दक्षिणेच्या भिंतीवर घातला. पुट्टीचा पापुद्रा ताटाएवढा खाली आला आणि आतली ओल दिसली, काळीहिरवी. "ही ओल," मी म्हणालो. "दर पावसाळ्यात वर चढते. याचे कमी कर." मग तुळईखाली उभा राहून सब्बल वर हाणली. लाकूड भद्द वाजलं. अजून एक हाणली, तर भुसा माझ्या डोळ्यांत, तोंडात, तिच्या केसांत. "ही वाळवी. पाहा. अर्धी खाल्ली. याचे कमी कर." दाराची चौकट मी टोकानं उचकटली. रंगाचे जाड पापुद्रे उडाले आणि तिचं वाकडेपण उघडं पडलं. "ही मीच वाकडी बसवली. घाईत. याचे कर."

"अवो, राहू द्या," ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलला. "आमचंच घर पाडता काय?"

मी थांबलो नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, बोट सणकत होतं, आणि कितीतरी महिन्यांत बरं वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. प्रत्येक घावाला मी एक खोट सांगत होतो आणि इंदूताई एकेक बोट दुमडून मान्य करत होती. ओल, वाळवी, चौकट, न्हाणीचा उतार, गच्चीची भेग. ज्या भावाला ती अडून बसली होती तिथे आम्ही पोचलो, तेव्हा मी सब्बल टेकवली. घर पांढरं राहिलं नव्हतं.

फाटकाशी गल्ली जमली होती. बबन पुढे उभा होता, तोंडावर रुमाल धरून. "दादाचं डोस्कं फिरलं," असं कुणालातरी सांगत होता.

"इंदूताई," मी म्हणालो, "घर तुझं झालं. आता बाहेर जा आणि त्याले सांग, भाव कशापायी पडला."

ती फाटकापर्यंत गेली. मेसमध्ये ओरडून वाढायची सवय असलेला तिचा आवाज. पार वळणापर्यंत गेला असेल.

"बबनभाऊ, घर म्या घेतलं. भाव पाडून घेतलं. काहून, ते ऐका. भिंतीत ओल हाये. तुळई पोकळ हाये. चौकट वाकडी हाये, न्हाणीले उतार नाई, गच्ची फाटली हाये. घरच्या बाईत काही खोट नव्हती."

माझ्या मालाला इतकी नावं भर रस्त्यात कुणी कधी ठेवली नव्हती. मी सब्बलीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो आणि सगळी ऐकून घेतली.